फाटलेल्या डायफ्रॅमचं कपाट

पत्र : काका, मरोळ एमआयडीसीत आमचं डोसिंग पंपांचं, म्हणजे मोजून मापून रसायन सोडणाऱ्या पंपांचं, युनिट आहे. बाबांनी १९९१ साली सुरू केलं, गेली सहा वर्षं मी बघते. बावीस माणसं, वर्षाची उलाढाल चार कोटींच्या आसपास. गेल्या वर्षी गोरेगावला नेस्कोतल्या प्रदर्शनात एका जर्मन कंपनीची माणसं आमच्या स्टॉलवर आली. ती सेन्सर बनवतात. डायफ्रॅम, म्हणजे पंपातला द्रव ढकलणारा लवचिक पडदा, फाटायच्या आधीच पंपाने इशारा द्यावा असं काहीतरी मिळून करू, म्हणाली. भारत आणि जर्मनी दोन्ही सरकारं अशा प्रकल्पाला पैसे देतात, मात्र दोन्हीकडची एकेक कंपनी आणि एकेक संशोधन संस्था लागते. तिकडची संस्था त्यांनी ठरवलीय, इकडे माटुंग्याचे एक प्राध्यापक तयार आहेत. आमच्या भागाचा खर्च तीन वर्षांत एक कोटी वीस लाख धरलाय. जर्मन कंपनी म्हणते, अर्ज आम्ही लिहून देतो, तुम्ही फक्त सही करा. बाबा म्हणतात, सरकारी काम अन् सहा महिने थांब. आपल्या पैशात बसेल तेवढंच करू. त्यांच्याकडे फाटलेल्या डायफ्रॅमचं एक लोखंडी कपाट आहे, प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली. जर्मन इंजिनिअर कारखान्यात आला तेव्हा अर्धा तास त्या कपाटापुढे उभा होता, फोटो काढत होता. बाबांना त्याचंच कौतुक! मला ही संधी सोडवत नाही. काय करू? — पंपवाली, मरोळ

उत्तर :

काका म्हणालीस, म्हणून सरळ अगं-तुगंवर येतो.

तुझ्या पत्रातली दोन वाक्यं मी पुन्हा पुन्हा वाचली. एक, ‘अर्ज आम्ही लिहून देतो, तुम्ही फक्त सही करा.’ दुसरं, तो इंजिनिअर कपाटापुढे अर्धा तास उभा होता. बाबांना सरकारची धास्ती वाटतेय. मला सरकारपेक्षा या दोन वाक्यांची जास्त वाटते.

आधी ही योजना कशी चालते ते बघ, म्हणजे माझ्या शंकेचं कारण कळेल. जर्मनीसाठीचं दार गुरुग्रामला आहे, इंडो-जर्मन सायन्स अँड टेक्नॉलॉजी सेंटर. आपलं विज्ञान आणि तंत्रज्ञान खातं आणि जर्मनीचं संशोधन मंत्रालय मिळून ते चालवतात. तू लिहितेस ती रचना त्यांची ‘टू प्लस टू’: इकडची कंपनी नि संस्था, तिकडची कंपनी नि संस्था. इतर काही देशांसाठी ‘गीता’ नावाची कंपनी आहे, ग्लोबल इनोव्हेशन अँड टेक्नॉलॉजी अलायन्स. सरकारचं टेक्नॉलॉजी डेव्हलपमेंट बोर्ड आणि सीआयआय ही उद्योजकांची संघटना यांनी २०११ मध्ये काढलेली. इस्रायलबरोबर २०१७ मध्ये चार कोटी डॉलरचा वेगळा फंड जाहीर झाला, निम्मा त्यांचा, निम्मा आपला. या सगळ्यांचं जुनं घराणं शोधायचं तर अमेरिका आणि इस्रायलने १९७७ साली काढलेल्या ‘बर्ड’ फाउंडेशनपर्यंत जावं लागतं. त्यांचा हिशेब सोपा होता. दोन देशांतल्या दोन कंपन्यांनी एकत्र संशोधन करावं, निम्मा खर्च फाउंडेशन देईल, माल विकला गेला तर विक्रीतून परत करा, नाही विकला गेला तर विसरा.

यातली एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. पैसे सीमा ओलांडत नाहीत. जर्मन सरकार जर्मन कंपनीला युरो देणार, आपलं सरकार तुला रुपये देणार. प्रकल्प एक, पण तपासणी दोन्हीकडे, आणि एका बाजूने नाही म्हटलं की दोघांचंही बारगळलं. म्हणजे जर्मन कंपनीला तिच्या सरकारचे युरो हवे असतील तर एक भारतीय कंपनी लागतेच. कोणती, हा पुढचा प्रश्न. ‘तुम्ही फक्त सही करा’ हे मला म्हणूनच खुपतं. त्यांना तू हवी आहेस, की अर्जातला भारताचा रकाना भरायला कोणीतरी हवंय?

माझं मत विचारशील तर त्यांना तू खरंच हवी आहेस. पण कशासाठी हवी आहेस, ते तुझ्या आधी त्यांना कळलंय.

जरा हिशेब करू. मिनिटाला १०० स्ट्रोकने अखंड चालणारा पंप दिवसाला १,४४,००० वेळा डायफ्रॅम वाकवतो. वर्षाचे झाले सव्वापाच कोटींच्या वर. सेन्सरला ‘आता फाटणार’ हे ओळखायला शिकवायचं तर त्याला फाटण्याआधीची लक्षणं दाखवावी लागतात, तीही वेगवेगळ्या रसायनांत, वेगवेगळ्या दाबाला, वेगवेगळ्या तापमानाला. प्रयोगशाळेत चार पंप लावून डायफ्रॅम फाटायची वाट बघत बसलं तर वर्षं जातील, आणि तिथलं फाटणं हे स्वच्छ खोलीतलं फाटणं असेल. तळोज्याच्या एखाद्या सांडपाण्याच्या एफ्लुएंट प्लांटमध्ये, मे महिन्याच्या दुपारी, हायपोक्लोराइट तापून वायू सोडतंय, वायू अडकून पंपाला एअर लॉक होतोय, ऑपरेटर चिडून स्ट्रोकची लांबी पूर्ण करून ठेवतोय, द्रव ओढणाऱ्या नळीला गाळणीच नाही. तिथला डायफ्रॅम कसा मरतो हे कुठल्या युरोपियन लॅबमध्ये दिसणार? ते तुझ्या बाबांच्या कपाटात आहे. तीस वर्षांहून जास्त काळाचं. कुठल्या द्रावणात, किती तास चालून, कुठल्या कडेने गेला, सगळं चिठ्ठीवर.

या प्रकल्पातला तुझा खरा वाटा ते कपाट आहे. पंप काय, पंप तर बरेच जण बनवतात. आणि तो वाटा फोटोच्या रूपाने जर्मनीला पोचायला सुरुवातही झालीय.

रागावू नकोस. मी त्या इंजिनिअरला चोर म्हणत नाही. चांगला इंजिनिअर असणार, म्हणूनच थांबला. पण तुझ्यात आणि त्यांच्यात गुप्ततेचा एक कागदही नाही, असं पत्रावरून दिसतंय. तो आधी कर. अर्ज, प्राध्यापक, खर्चाचे तक्ते, सगळं त्यानंतर. गुप्ततेच्या करारात झालेल्या भेटीचाही उल्लेख घाल: अमुक तारखेला कारखान्यात दाखवलेली, फोटो काढलेली सगळी माहिती या करारात येते. मागच्या तारखेची माहिती करारात घेता येते, त्यात वावगं काही नाही. कागदावर मागची तारीख टाकू नकोस म्हणजे झालं.

त्यासोबत कपाटाची यादी कर. बहुतेक संयुक्त प्रकल्पांच्या करारात दोन भाग असतात: प्रत्येकाने आधीपासून आणलेलं ज्ञान आणि प्रकल्पात नव्याने तयार झालेलं. आधीचं ज्याचं त्याचं राहतं, नव्याची वाटणी ठरवायची. जे यादीत नाही ते ‘आधीचं’ होतं हे तीन वर्षांनी सिद्ध करताना नाकी नऊ येतात. म्हणून प्रत्येक डायफ्रॅमला नंबर, दोन्ही बाजूंचे फोटो, चिठ्ठीचा फोटो, एक्सेलमध्ये ओळ. हजार असले तरी एका ट्रेनीला दोन महिने लाव. जर्मनांना यादीचं मुखपृष्ठ दाखव: किती नमुने, कुठली रसायनं, कुठल्या सालापासून. आतला मजकूर नको.

आता जॉइंट पेटंट. हा शब्द सगळ्यांना गोड लागतो. ‘पेटंट दोघांच्या नावावर’ म्हटलं की आपल्याला वाटतं, निम्मं आपलं झालं. आपल्या पेटंट कायद्याचं कलम ५० वाच. वेगळा करार नसेल तर सहमालकांपैकी प्रत्येकाला ते पेटंट स्वतःच्या फायद्यासाठी वापरता येतं, दुसऱ्याला हिशेब न देता. परवाना तिसऱ्याला द्यायचा असेल तर मात्र दुसऱ्याची संमती लागते. याचा अर्थ लाव. उद्या जर्मन कंपनीने भारतात स्वतःची शाखा काढून, तुझ्याच कपाटावर शिकलेला सेन्सर पंपासकट विकला, तर ‘वेगळा करार नसेल तर’ या चार शब्दांमुळे तुला एक रुपयाही मागता येणार नाही. आणि तुला तो पंप नाशिकच्या एखाद्या कारखान्याकडून परवान्यावर बनवून घ्यायचा असेल, तर जर्मनांची सही लागेल. म्हणून करारात बाजार वाटून घ्या. सेन्सरसह डोसिंग पंप भारतात, शेजारच्या देशांत आणि आखातात तू विकणार. युरोपात ते विकणार. बाकी जगात दोघंही. आणि एकाने दुसऱ्याच्या हद्दीत विकलं तर रॉयल्टी किती, हे आकड्यात. नुसता सुटा सेन्सर त्यांनी इथल्या दुसऱ्या पंपवाल्याला विकायचा की नाही, हा खरा भांडणाचा मुद्दा. ते म्हणतील, सेन्सर आमचा धंदा आहे, ग्राहक कसा नाकारू? बरोबरच आहे त्यांचं. मग तू पहिली दोन-तीन वर्षं तरी एकटीला माग, नाहीतर दर नगामागे वाटा माग. काहीच मागितलं नाहीस, तर तुझ्या स्पर्धकांना हुशार करण्यासाठी तू आपल्या खिशातले पैसे घातलेस, असा त्याचा अर्थ होईल.

आणखी एक कलम आहे, ३९ वं. भारतात राहणाऱ्या माणसाने लावलेल्या शोधाचं पेटंट थेट परदेशात दाखल करता येत नाही. आधी आपल्या पेटंट कार्यालयाची परवानगी काढायची, किंवा इथे अर्ज करून सहा आठवडे थांबायचं. मोडलं तर शिक्षेची तरतूद आहे. जर्मन वकील सवयीने तिकडे पहिला अर्ज ठोकून देतो, त्यात तुझ्या इंजिनिअरचं नाव शोधकर्ता म्हणून असतं, आणि नियम मोडणारी मात्र इकडची ठरते. आपलं कार्यालय लांब कुठे नाही, अँटॉप हिललाच आहे, आणि लघुउद्योगाला शुल्कात ८० टक्के सूट मिळते. पहिला अर्ज इथेच करायचा, हे करारात घालून टाक.

प्राध्यापकांचंही आताच बोलून घे. त्यांना पेपर छापायचा असतो, विद्यार्थ्याची पीएच.डी. अडलेली असते, आणि त्यात गैर काही नाही. पण पेटंटचा अर्ज जायच्या आधी पेपर छापून आला, की युरोपात तरी नवेपण संपलं. मसुदा छापायला पाठवण्याआधी पंचेचाळीस दिवस सगळ्या भागीदारांना दाखवायचा, एवढी ओळ पुरते. शिवाय शोधावर संस्थेचा हक्क किती, हे प्राध्यापक ठरवत नाहीत, त्यांच्या संस्थेचं धोरण ठरवतं. ते धोरण लेखी मागून घे. प्राध्यापकांनी चहा पिताना दिलेला शब्द संस्थेला बांधत नाही.

हे सगळं अर्जाच्या आधी का म्हणतोय? करार तर सरकारही मागतंच. पण बहुतेक योजनांत तो मागितला जातो मंजुरी आल्यावर, पैसे सोडायच्या आधी. तोवर तू बाबांना पेढे देऊन मोकळी झालेली असतेस, दोन इंजिनिअर नेमलेले असतात, मुदत पंधरा दिवसांवर आलेली असते, आणि समोरून चाळीस पानी मसुदा येतो. त्या वेळी कोण वाद घालणार? आज तू नाही म्हणालीस तर त्यांना दुसरी भारतीय कंपनी शोधावी लागेल, आणि तिच्याकडे कपाट नसेल. तुझ्या हातात जे काही वजन आहे ते आजच आहे.

माझी गोष्ट सांगतो. कुर्ल्याला माझं टेम्परेचर कंट्रोलरचं छोटं युनिट होतं. बऱ्याच वर्षांपूर्वी एका परदेशी कंपनीबरोबर असाच संयुक्त प्रकल्प घेतला. दुसऱ्या वर्षी त्या कंपनीला एका मोठ्या कंपनीने विकत घेतलं. नव्या मालकाला आमचा प्रकल्प नको होता. एक नम्र ईमेल आला आणि तिकडची बाजू बंद. तिकडची बंद म्हणजे इकडचीही बंद, कारण प्रकल्प संयुक्त. माझ्याकडे अर्धवट डिझाइन उरलं, त्यातला निम्मा कोड त्यांचा, म्हणून वापरताही येईना. कंपनी विकली गेली तर काय, याची एक ओळ करारात नव्हती. मी ती घालायला सांगितलीच नव्हती. मला वाटलं होतं, असं विचारणं बरं दिसत नाही! तू विचार. भागीदार सोडून गेला तर तोवर झालेलं सगळं काम दुसऱ्याला पुढे नेता आलं पाहिजे, असं लिहून घे.

त्याच प्रकल्पातली सरकारी बाजूची फजितीही ऐक, बाबांना आनंद होईल. पहिल्या हप्त्याचे पैसे बँकेत होते, त्यावर व्याज जमा झालं. अकरा हजार आणि काही. आम्ही ते उपयोगिता प्रमाणपत्रात, म्हणजे अनुदान कशावर खर्च झालं ते सांगणाऱ्या कागदात, दाखवलंच नाही. कोणाच्या डोक्यातच आलं नाही. अनुदानाच्या पैशावरचं व्याज सरकारी तिजोरीत परत जायचं असतं. अकरा हजारांपायी दुसरा हप्ता सात महिने अडला. चूक शंभर टक्के आमची होती, पण त्या सात महिन्यांत पगार मात्र मीच केले. तेव्हा बाबांचं ‘सहा महिने थांब’ हे काही अगदीच उगाच नाही, एका महिन्याने कमीच आहे.

म्हणून पैशाचं गणित हप्ता वेळेवर येईल असं धरून करू नकोस. तुझा भाग एक कोटी वीस लाखांचा. कंपनीला सहसा निम्म्यापर्यंतच मिळतं, म्हणजे फार तर साठ लाख. उरलेले साठ तुझे. तीन वर्षांत वाटले तर दरवर्षी वीस, उलाढालीच्या पाच टक्के. तुझ्या आकाराच्या युनिटला ही रक्कम लहान नाही. आता दुसऱ्या वर्षीचा हप्ता सहा महिने लांबला असं धर. वर्षाचा खर्च चाळीस, त्यातले सरकारी वीस. सहा महिन्यांचे दहा तुलाच पुढे घालावे लागतील. म्हणजे त्या वर्षी वीसऐवजी तीस लाखांची सोय हवी. ती तुझ्या कॅश क्रेडिटमध्ये बसते का, हे बँकेच्या माणसाला नको, स्वतःच्या वहीला विचार. ऑक्टोबर ते डिसेंबर ग्राहकांची बिलं थकतात तेव्हाची वही उघड. बसत नसेल तर प्रकल्प ऐंशी लाखांचा कर. छोटा प्रकल्प मागितला म्हणून कोणी कमी लेखत नाही. उलट ज्या कंपनीची उलाढाल चार कोटी तिने एक कोटी वीस लाख मागितले, की तुमचा हिस्सा कुठून येणार, हाच तज्ज्ञ समितीचा पहिला प्रश्न असतो.

खर्चात काय धरतात, काय नाही, ते अर्ज मागवणाऱ्या प्रत्येक वेळच्या सूचनेत दिलेलं असतं. ढोबळ सांगायचं तर संशोधनाच्या माणसांचा पगार, नमुने, कच्चा माल, चाचण्या, त्यासाठीची उपकरणं, थोडा प्रवास चालतो. जागा, इमारत, उत्पादनाची मशिनरी, जाहिरात, खेळतं भांडवल चालत नाही. टेस्ट बेंच चालेल, नवं सीएनसी मशीन नाही. सूचना वाचताना आधी एकच शब्द शोध: जे मिळणार ते अनुदान, सशर्त अनुदान की कर्ज? सशर्त असेल तर परतफेड नफ्यावर की विक्रीवर, आणि एकूण किती पटीपर्यंत, हे बघ. विक्रीवर टक्का लागला आणि तुझं मार्जिनच बारीक असलं तर दुखतं.

हिशेबाची शिस्त पहिल्या दिवसापासून लाव. प्रकल्पाचं बँक खातं वेगळं. खरेदीला तीन कोटेशन, फाइलला लावलेली. दोन्हीकडे काम करणाऱ्या इंजिनिअरची टाइमशीट आठवड्याच्या आठवड्याला, वर्षाअखेरीस आठवून भरलेली नको. एकाच शाईत भरलेल्या बावन्न ओळी तपासणाऱ्याला लगेच दिसतात. उपयोगिता प्रमाणपत्राचा नमुना सामान्य वित्तीय नियमांत आहे, फॉर्म १२-ए. आताच उतरवून सीएच्या टेबलावर ठेव आणि विचार, हा तुम्ही मार्चमध्ये कशाच्या आधाराने भराल? त्याच बैठकीत कराचंही विचार. २०१५ च्या वित्त कायद्यापासून सरकारी अनुदान हे साधारणपणे उत्पन्न धरलं जातं. ज्या अनुदानातून मालमत्ता घेतली आणि तिच्या किमतीतून ते वजा केलं, तेवढं सोडून. साठ लाख फुकटात आले असं समजून बसलेल्या एका ओळखीच्या उद्योजकाला हे रिटर्न भरताना कळलं होतं.

भागीदाराची चौकशी केलीस का? लाजायचं कारण नाही, तेही तुझी करतील. जर्मनीत कंपन्यांची सरकारी नोंदवही सगळ्यांना खुली आहे आणि ऑगस्ट २०२२ पासून ऑनलाइन फुकट बघता येते. मालक कोण, संचालक कधी बदलले, ताळेबंद काय म्हणतो, एवढं तासाभरात दिसेल. भाषेची अडचण आली तर मुंबईत १९५६ पासून इंडो-जर्मन चेंबर आहे, त्यांना विचार.

बाबांच्या म्हणण्यावर येतो. आपल्या पैशात बसेल तेवढं करू, हा पर्याय वाईट नाही. उलट तोच कसोटीचा दगड समज. सरकारचे पैसे नसते तरी हा प्रकल्प, लहान आकारात का होईना, तू केला असतास का? हो असेल तर अर्ज कर. पैसे मिळतायत म्हणून करत असशील तर नको, कारण निम्मे तुझेच जाणार आहेत. आणि जर्मनांशी जमलं नाही, तर टेक्नॉलॉजी डेव्हलपमेंट बोर्ड देशी तंत्रज्ञान बाजारात आणायला सवलतीचं कर्ज देतं, पाच टक्के सरळ व्याजाने, प्रकल्पखर्चाच्या निम्म्यापर्यंत. जाता जाता एक गंमत: १९९६ मध्ये हे बोर्ड सुरू झालं तेव्हा त्याच्या मागे परदेशी तंत्रज्ञान आयात करणाऱ्यांकडून वसूल होणारा पाच टक्के उपकर होता. बाहेरून आणणाऱ्याने भरायचं, इथे बनवणाऱ्याने घ्यायचं. २०१७ मध्ये तो उपकर रद्द झाला. माझ्या मते तो ठेवायला हवा होता, पण मला विचारतो कोण!

आता जर्मनांना काय लिहायचं ते सांगतो. इंग्रजी तू करून घे. ‘तुमच्या प्रस्तावात आम्हाला मनापासून रस आहे. अर्जातला आमचा भाग आम्ही स्वतः लिहू. आमचं योगदान म्हणजे प्रत्यक्ष वापरात निकामी झालेल्या डायफ्रॅमचा नोंदींसह संग्रह आणि त्यावर आधारलेल्या चाचण्या. गुप्ततेचा करार सोबत जोडला आहे, आमच्याकडे आलात तेव्हा घेतलेले फोटोही त्यात येतात. अर्जाआधी आधीच्या ज्ञानाची यादी, बाजारांची वाटणी आणि कंपनीची मालकी बदलल्यास काय, या तीन मुद्द्यांवर दोन पानी टिपण दोघांनी सही करून ठेवावं.’ एवढंच. मागण्यांची भाषा नको, माफीची तर नकोच.

दोन आठवड्यांत सरळ उत्तर आलं, त्यांनी एखाद्या मुद्द्यावर घासाघीस केली, तर समज माणसं कामाची आहेत. घासाघीस करणारा भागीदार मला नेहमीच बरा वाटतो, त्याला काम करायचं असतं. ‘मुदत जवळ आहे, आधी सही करा, हे नंतर बघू’ असं आलं, तर ही सूचना सोड. पुढची येईल. कपाट कुठे जात नाही.

फक्त कपाटाची यादी करायला बाबांना शेजारी बसव. चिठ्ठ्यांवर त्यांनी स्वतःपुरत्या खुणा केलेल्या असणार. ‘हा.’ लिहिलंय ते हायपो की हायड्रोक्लोरिक, हे त्यांनाच ठाऊक, आणि १९९३ च्या पेन्सिलीचं आता किती वाचता येतंय कोण जाणे.